रानाचा राखणदार

कोकणातील जुन्या गावांत देवराईभोवती कुंपण नसे. एखादा ओढा, एखादी पायवाट, शेंदूर फासलेला एखादा पाषाण, एवढीच तिची हद्द. त्या हद्दीच्या आत वाळलेली काटकीही सरपणासाठी उचलावयाची नाही, अशी अनेक गावांची रीत होती. देवळाच्या वाशासाठी एखादे झाड हवे असले तरी प्रथम देवाचा कौल घ्यावा लागे. या नियमाचा कोठे कागद नव्हता, परंतु त्यास राखणदार होता. रात्री हातात काठी घेऊन हद्दीवरून फिरणारा तो अदृश्य पहारेकरी, आणि त्याच्या जोडीस दिवसा गुरव, मानकरी व गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांचे डोळे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, आणि ज्यास अडाणी समजूत म्हणून हसले जाई, त्या रीतीने केवढे वनवैभव सांभाळले होते, हे सुशिक्षितांस कळले. जेथे राखणदाराचा धाक ओसरला, तेथे राईही ओसरली, हे मात्र खेड्यातील माणसांस फार पूर्वीच ठाऊक होते.

अशा देवराया मागे ठेवून एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडील शेतकरी व मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या बेटावर साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर उतरले. मराठी भाषिक त्यांत थोडे, पण आपली भाषा व आपले देव जपून राहिलेले. त्यांच्या हाती कुऱ्हाड व कुदळ देण्यात आली. काटकी मोडावयास भिणाऱ्या हातांना रान तोडून उसासाठी जमीन मोकळी करावी लागली. या बेटास वनरक्षणाचा नियम नव्हता असे नाही. फ्रेंच अमलात, पिएर प्वाव्र यांच्या कारकिर्दीत, १७६९ साली असा हुकूम निघाला होता की, प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतारांवरचा, रान म्हणून राखावा. पुढे बेट इंग्रजांकडे गेले. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीस आणली गेली आणि उसाला सोन्याचे मोल आले. चौथ्या हिश्शाची राखण टिकली नाही. आज त्या बेटावर चांगल्या स्थितीतील मूळ रान दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

कागद आणि त्याची राखण यांतील हे अंतर मजुरांनी आपल्या अंगावरही सोसले. ज्या करारपत्रावर त्यांनी अंगठा उठविला, त्यात मजुरी, शिधा व मुदत सारे लिहिलेले होते. मजुराकडून करार मोडला गेला की शिक्षा तत्काळ होई. एक दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापण्याची 'डबल कट' नावाची रीत होती. मालकाने मजुरी थकविली तर मात्र दाद लागणे कठीण. मजुरांच्या रक्षणासाठी सरकारने 'प्रोटेक्टर' हा अधिकारी नेमलेला होता; पण मळ्यावर जाऊन, वहीतील नोंद व घरातील शिधा ताडून पाहणारी नजर दुबळी होती. १८६७च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरासही छायाचित्राचा परवाना खिशात बाळगल्यावाचून रस्त्याने फिरणे दुरापास्त झाले. १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ मजुरांनी अर्ज केला. १८७२ साली राजाज्ञेने आयोग नेमला गेला. १८७५ साली त्याचा अहवाल आला. मजुरांची गाऱ्हाणी खरी होती हे तेव्हा कोठे अधिकृतपणे लिहिले गेले. करार एका बाजूने पाळला जातो आणि दुसऱ्या बाजूकडे कोणी पाहत नाही, तेव्हा काय होते, याचे वेगळे उदाहरण या स्मरणिकेच्या वाचकांस द्यावयास नको.

हा इतिहास मनात ठेवून कॅनडातील एका शांत व फारशा परिचित नसलेल्या कार्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. या देशाच्या वनभूमीपैकी सुमारे नऊ-दशांश भाग सार्वजनिक मालकीचा आहे. परंतु जेथे हवा सौम्य, जमीन सुपीक व वस्ती दाट, तेथील रान बहुतांशी खासगी हातांत आहे. दक्षिण ओंटारिओ, सागरकाठचे पूर्वेकडील प्रांत, व्हँकुव्हर बेटाचा दक्षिण भाग व त्याच्या शेजारची लहान बेटे, ही त्याची उदाहरणे. पश्चिमेकडील या बेटांवर डग्लस फरचे उंच वृक्ष, तांबूस सालीचा अर्ब्यूटस आणि गॅरी ओकची विरळ उपवने आहेत. ओकच्या या वनांचा मूळ स्थितीतील भाग पाच टक्क्यांहूनही कमी राहिला आहे. १९९९ साली यांपैकी सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटाचा सुमारे दशांश भाग एका कंपनीने विकत घेऊन तोड आरंभिली, तेव्हा रहिवाशांनी मोठे आंदोलन केले. त्यांतील काही जमीन लोकवर्गणी व सरकारी साहाय्य यांच्या बळावर पुढे वाचविता आली. पण मालकाने आपली झाडे तोडली तर त्यास अडविणारा कायदा फारसा नव्हता, ही गोष्ट त्या वेळी सर्वांस उमगली.

मालकाने स्वेच्छेने आपला हात बांधून घेणे, हा त्यावर एक उपाय. इंग्रजीत ज्यास 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' आणि ब्रिटिश कोलंबियात 'कॉव्हनंट' म्हणतात, तो हाच संरक्षण-करार. जमीन मालकाचीच राहते. तो ती विकू शकतो, मुलांस देऊ शकतो. परंतु अमुक भागात वृक्ष तोडणार नाही, रस्ता काढणार नाही, घर बांधणार नाही, असे तो एखाद्या भूसंरक्षण संस्थेस लिहून देतो, आणि ते लेखन जमिनीच्या सरकारी दप्तरात नोंदविले जाते. ब्रिटिश कोलंबियात जमीन-नोंदणी कायद्याचे २१९वे कलम या कराराचा आधार आहे; १९९४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त खासगी संस्थांसही असा करार धारण करता येऊ लागला. नोव्हा स्कोशिया, आल्बर्टा, ओंटारिओ या प्रांतांनीही आपापले कायदे केले. कराराचे मर्म हे की तो माणसास नव्हे, जमिनीस चिकटतो. आज ज्याने सही केली तो उद्या मरण पावला तरी त्याच्या मागून येणारा प्रत्येक मालक त्याने बांधलेला असतो. करारपत्रात 'सदासर्वकाळ' या अर्थाचा शब्द असतो.

यात मालकाचा काही लाभ नाही, असे नव्हे. केंद्र सरकारने १९९५ साली पर्यावरणीय दानाची योजना सुरू केली. तीखाली दिलेल्या जमिनीवर किंवा कराराच्या मूल्यावर आयकरात सवलत मिळते, आणि २००६ पासून अशा दानाच्या भांडवली नफ्यावर करही नाही. उपरोक्त बेटांवरील एका योजनेत संरक्षित भागाच्या मालमत्ताकरात ६५ टक्के सूट मिळू शकते. म्हणजे त्या रानासाठी जनतेनेही आपल्या तिजोरीतून मोल दिलेले असते. मोल देणाऱ्यास माल पाहण्याचा अधिकार असतो, हा व्यवहाराचा साधा नियम. कोणीतरी वर्षातून एकदा तेथे जाऊन दिलेला शब्द जागेवर आहे की नाही, ते पाहिलेच पाहिजे.

हे पाहावयास जाणाऱ्यांत एक मॉरिशसवंशीय मराठी गृहस्थ आहेत. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून मॉरिशसला आले. ते स्वतः तरुणपणी कॅनडात आले आणि आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी करून निवृत्त झाले. मंडळातील तरुण मुले त्यांस 'काका' म्हणतात. वनस्पतिशास्त्र ते शिकलेले नाहीत. तो भाग त्यांच्याबरोबर येणारी तज्ज्ञ तरुणी पाहते. काकांचे काम त्यांच्या जुन्या धंद्यासारखेच आहे. वहीत लिहिले आहे ते कोठारात आहे काय, एवढे पाहावयाचे.

ही वही म्हणजे 'बेसलाइन' नावाचा आरंभीचा अहवाल. करार होतो त्याच वेळी जमिनीची पूर्ण स्थिती लिहून ठेवली जाते. नकाशा, हद्दीच्या खुणा, ओढे, झाडांच्या जाती, जुने बुंधे, अस्तित्वात असलेली पायवाट, मोडके कुंपण, आणि ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या दिशेस काढलेली छायाचित्रे. खाली मालकाची व संस्थेची सही. हा अहवाल नसेल तर पुढे वाद झाल्यावर झाड करारापूर्वी तुटले की नंतर, हे कोणासही सिद्ध करता येणार नाही. वर्षानुवर्षे निरीक्षक त्याच जागी उभा राहून त्याच दिशेचे छायाचित्र घेतो. उपग्रहाच्या चित्रांचाही आता उपयोग होतो. परंतु वृक्षांच्या छत्राखाली झालेला चर, खोडाशी टाकलेला केरकचरा, किंवा शेजाऱ्याने दहा पावले आत सरकविलेले कुंपण आकाशातून दिसत नाही. त्यासाठी पायांनी हद्द चालावी लागते.

जाण्यापूर्वी मालकास रीतसर सूचना दिली जाते. शक्य तर त्यानेही बरोबर यावे, अशी विनंती असते, आणि पुष्कळ मालक आनंदाने येतातही. त्यांस आपले रान दाखविण्याची हौस असते. कोठे स्कॉच ब्रूम हे पिवळ्या फुलांचे परके झुडूप शिरले आहे, कोठे बागेतून सुटलेली आयव्हीची वेल खोडावर चढली आहे, ते निरीक्षक दाखवितो आणि उपटण्यास हातभारही लावतो. बहुतेक वर्षी बहुतेक जमिनींवर 'बदल नाही' एवढेच लिहावयाचे असते. पावसात चार तास चिखल तुडवून दोन शब्द लिहिणे अनेकांस निरर्थक वाटेल. काकांच्या लेखी हिशेब जुळला, याहून सुखाची नोंद नाही.

एकदा त्यांची नात सुटीत त्यांच्याबरोबर गेली होती. दोरी धरून, खुणांचे खांब मोजून ती कंटाळली आणि म्हणाली, "आजोबा, हे रान तर आपले नाही. मग आपण का मोजतो?"

"रान त्यांचेच आहे, बाळ," ते म्हणाले, "पण त्यांनी शब्द सर्वांना दिलेला आहे. दिलेला शब्द कोणी पाहिला नाही, तर काय होते, ते तुझ्या खापरपणजोबांना विचारावयास हवे होते."

आणि चालता चालता त्यांनी तिला मॉरिशसच्या त्या परवान्याची हकीगत सांगितली. ज्या माणसास परक्याच्या जमिनीजवळून जातानाही खिशातील छायाचित्र दाखवावे लागे, त्याचा पणतू आज हातात वही घेऊन परक्याच्या रानात कायद्याच्या अधिकाराने चालत होता. काकांच्या कोटावरही छायाचित्राचे ओळखपत्र होते. नातीने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

सारीच वर्षे अशी सुखाची जात नाहीत. या कार्यातील जाणकारांचा अनुभव असा की, ज्याने स्वतः करार केला तो सहसा मोडीत नाही. भंग होतो तो पुढच्या मालकाकडून, नाहीतर शेजाऱ्याकडून. काकांच्या वाट्यासही तसा प्रसंग आला. एका वृद्ध बाईंनी आपल्या रानाचा करार करून दिला होता. त्या वारल्या, वारसांनी जमीन विकली, आणि पुढच्या शरद ऋतूत काका तेथे गेले तेव्हा चौथ्या छायाचित्राच्या जागी उभे राहताच त्यांस नको तितका उजेड दिसला. सात फर व दोन अर्ब्यूटस खाली आले होते. बुंध्यांवर राळ अजून ओली होती, आणि झाडांच्या जागेतून समुद्र स्वच्छ दिसत होता. नवे मालक बाहेर आले. जमिनीचा कर आपण भरतो, झाडे आपली, समुद्र पाहण्यासाठीच एवढे पैसे मोजले, तुम्ही कोण विचारणारे, असे ते रागाने म्हणाले. काकांनी वाद घातला नाही. बुंध्यांचा घेर मोजला, छायाचित्रे घेतली, नमस्कार केला आणि परतले.

पुढची पद्धती पायरीपायरीने चालते. प्रथम लेखी कळविणे, मग दोन्ही पक्षांनी मिळून जागेची पाहणी, मग तज्ज्ञाचा अहवाल व पूर्ववत करण्याची योजना. मालक मानीनासा झाला तर मध्यस्थ किंवा लवाद. शेवटी न्यायालय, जे तोड थांबविण्याचा व नुकसानभरपाईचा हुकूम देऊ शकते. ब्रिटिश कोलंबियातील पुष्कळ करारांत 'रेंट चार्ज' नावाची आणखी एक तरतूद असते: करार पाळला जात आहे तोवर हे देणे निद्रिस्त असते, भंग झाला की जमिनीवर ठराविक रकमेचा बोजा जागा होतो. येथे त्या टोकास जाण्याची वेळ आली नाही. करार जमिनीच्या दप्तरात नोंदलेला आहे व त्यातून सुटका नाही, हे मालकांच्या वकिलांनीच त्यांस समजाविले. शंभराहून अधिक रोपे लावणे, पाच वर्षे ती जगविणे, मोकळ्या झालेल्या उजेडात उगवलेले ब्रूम उपटणे आणि पाहणीचा खर्च सोसणे, असे ठरले. तिसऱ्या वर्षी तेच मालक काकांबरोबर हद्द चालले, आणि मेलेली रोपे स्वतःहून दाखविली.

तथापि या विजयाने काकांचे समाधान झाले नाही. त्या फर वृक्षांची वलये त्यांनी मोजली होती; सर्वांत जुना वृक्ष दीडशे वर्षांच्या पुढचा होता. मॉरिशसच्या मळ्यांवर पणजोबा राबत होते, तेव्हा तो रोप होता. कोणतीही भरपाई, कोणताही हुकूमनामा ती दीडशे वर्षे परत आणू शकत नाही. म्हणून त्या प्रसंगापासून जमीन विकली गेल्याचे समजताच, वार्षिक फेरीची वाट न पाहता, नव्या मालकाच्या दारी जाऊन कराराची प्रत समजावून देण्याचा परिपाठ त्यांनी पाडला. त्यांच्या मते दंडापेक्षा वेळेवर दिलेली ही भेट अधिक झाडे वाचविते.

राखणदाराचीही राखण करावी लागते, हे येथे सांगितले पाहिजे. करार 'सदासर्वकाळ' असला तरी तो पाळून घेणारी संस्था माणसांचीच असते. ब्रिटिश कोलंबियातील 'द लँड कॉन्झर्व्हन्सी' ही नामांकित संस्था कर्जात बुडाली आणि २०१३ साली तिला धनकोंपासून न्यायालयाचा आसरा घ्यावा लागला. तिच्या जमिनी व करार यांचे काय होणार, ही चिंता तेव्हा अनेक गावांस लागली होती. यासाठी शहाण्या संस्था प्रत्येक कराराबरोबर एक कायम निधी बाजूस ठेवतात, ज्याच्या व्याजावर दरवर्षीची पाहणी चालावी व प्रसंगी वकिलाचे शुल्कही भागावे. अमेरिकेत तर २०१३ पासून भूसंरक्षण संस्थांनी एकत्र येऊन न्यायालयीन खर्चासाठी आपसांत विमाच सुरू केला आहे. कायद्यातही फटी आहेत. आल्बर्टात सार्वजनिक हितासाठी मंत्री असा करार रद्द करू शकतो. ब्रिटिश कोलंबियात न्यायालय जुना करार बदलू किंवा रद्द करू शकते. दुसऱ्या बाजूने, पर्यावरणीय दान म्हणून मिळालेली जमीन संस्थेनेच केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून विकली किंवा तिचा उपयोग बदलला, तर मूल्याच्या ५० टक्के कर तिच्यावर बसतो. राखणदारावरही डोळा ठेवणारी ही तरतूद सुज्ञपणाची आहे.

याच भूमीवर एक जुना हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतांश भागात वसाहतकाळात मूळ रहिवाशांशी तहच झाला नाही, आणि व्हँकुव्हर बेटावर १८५० ते १८५४ या काळात जे थोडे करार झाले, त्यांतील शिकारीच्या व मासेमारीच्या हक्कांसाठी त्या लोकांच्या वंशजांस न्यायालयांत झगडावे लागले. कागदावर मालकी कोणाची व रान जाणणारे कोण, हा प्रश्न संरक्षण-कराराने सुटत नाही. मजुरांच्या वंशजांनी तरी तो विसरू नये. न पाळलेल्या कागदाचे दुःख त्यांच्या घरचे आहे.

मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांची आता स्वतःची घरे व जमिनी झाल्या आहेत. काहींच्या मागच्या अंगणापलीकडे दोन-चार एकर रानही आहे. ओंटारिओत चार हेक्टर वा अधिक रान असणाऱ्यास व्यवस्थापन-योजना करून करात मोठी सवलत घेता येते. त्या योजनेतून पुढे बाहेरही पडता येते. संरक्षण-करारातून तसे बाहेर पडता येत नाही, म्हणून तो घाईने करावयाचा नाही. मुलांशी बोलून, वकिलास विचारून, आणि करार धरणारी संस्था किती सुदृढ आहे हे पाहून करावयाचा. ज्यांच्यापाशी जमीन नाही, त्यांस वर्षातून एक दिवस देऊन काकांसारखी हद्द चालता येईल. संस्थांस पैशाइतकीच चालणाऱ्या पायांची उणीव असते.

काका आता थकले आहेत. चढणीवर त्यांचा दम लागतो, आणि वही त्यांची नात धरते. गेल्या खेपेस ती रोपे त्यांच्या गुडघ्याहून उंच झालेली होती. नातीने चौथ्या जागी उभे राहून छायाचित्र घेतले, आरंभीच्या चित्राशी ताडून पाहिले, आणि खाली दिनांक घालून लिहिले: सात वृक्षांची जागा अजून मोकळी, रोपे जिवंत, अन्य बदल नाही.